घाटासाठी हेड

परतवाड्याहून धारणीकडे निघालेला भरलेला ट्रक घटांगच्या चढाला लागला की इंजिनाचं खरं दुखणं बाहेर येतं. सपाटीवर अमरावतीपर्यंत न कुरकुरता धावलेली गाडी इथे दुसऱ्या गिअरवर येते, धूर सोडते, काटा लालकडे सरकतो. परत फिरलेली गाडी मग परतवाड्यातल्या गॅरेजपुढे उभी राहते आणि बोलणं ठरलेलं असतं. ‘मिस्त्री, घाटात गाडी उचलच घेत नाही ना भाऊ.’ मिस्त्री रेडिएटरचं झाकण काढतो, इंजिन रेस करायला सांगतो, पाण्यात बुडबुडे बघतो. ‘पाणी फेकून राह्यली. हेड खोला लागते.’

हेड खोलणं हे तासा-दोन तासांचं काम. ते उतरवून टेबलावर ठेवलं की पुढचा प्रश्न अवघड असतो: आता बसवायचं काय? हेच हेड दुरुस्त करायचं, अमरावती-अकोल्याच्या जुन्या मालातून दुसरं आणायचं, की नवं कोरं घ्यायचं? नवं घ्यायचं तर कंपनीचं की बाजारातलं? वॉल्व्ह, स्प्रिंगा, गाईड, रॉकर सगळंच बदलायचं, की जे घासलं तेवढंच? मालकाच्या डोक्यात किंमत असते, ड्रायव्हरच्या डोक्यात पिकअप. या दोन्हींच्या आधी एक प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि तो विचारणारे मिस्त्री कमी उरलेत: हे इंजिन रोज काम कोणतं करणार आहे? हेडची निवड त्या उत्तरावरून व्हायला हवी. या लेखात मला एवढंच सांगायचं आहे, आणि त्यासाठी अचलपूर-परतवाड्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. इथलं काम सोपं नाही.

सातपुड्याच्या अगदी पायथ्याला, सापन आणि बिच्छन नद्यांच्या काठी हे जुळं गाव वसलंय. अचलपूर ही वऱ्हाडातल्या इमादशाहीची जुनी राजधानी. परतवाडा इंग्रजांच्या छावणीभोवती वाढलेला. मेळघाटातलं सागवान परतवाड्याच्या डेपोत उतरतं. अचलपूर, चांदूर बाजार, मोर्शी, वरुड हा संत्र्याचा पट्टा. आंबिया बहाराचा माल निघाला की ट्रक रात्रंदिवस भरतात. वर चिखलदरा, समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर. खाली उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात. दक्षिणेकडे पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा. चढ, ओझं, उष्णता आणि खारं पाणी, या चारही गोष्टी हेडवर येऊन पडतात.

हवेपासून सुरुवात करू. डिझेल इंजिन जितकी हवा आत घेईल तितकंच डिझेल नीट जाळू शकतं. हवा कमी पडली की उरलेलं डिझेल काळा धूर होऊन निघतं. चिखलदऱ्याच्या उंचीवर हवा परतवाड्यापेक्षा साधारण ७ टक्के विरळ. ४५ अंश तापलेली हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा आणखी ६ टक्क्यांनी विरळ. म्हणजे मे महिन्यात दुपारी घाट चढणाऱ्या साध्या, बिनटर्बोच्या इंजिनाला हिवाळ्यातल्या सपाटीच्या तुलनेत आठवा हिस्सा हवा कमी मिळते. टर्बो असलेलं इंजिन ही तूट बऱ्यापैकी भरून काढतं. जुनी बिनटर्बोची गाडी ती भरून काढू शकत नाही. असं असलं तरी ‘मोठे वॉल्व्ह टाकून दे ना भाऊ, पिकअप वाढंल’ हा उपाय चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे कळायला थोडं दूर, अमेरिकेत डोकावू.

तिकडे मोठ्या व्ही-आठ इंजिनांना ‘बिग ब्लॉक’ म्हणतात आणि ती घरच्या शेडमध्ये बांधण्याचा छंद लाखो लोकांना आहे. शेवरलेनं १९६५ मध्ये ३९६ घनइंचाचं बिग ब्लॉक आणलं. त्याचे वॉल्व्ह एका ओळीत उभे नसून वेगवेगळ्या कोनांत कललेले असतात. वरून हेड बघितलं तर स्प्रिंगा अशा चहूकडे वळलेल्या दिसतात की लोकांनी त्याचं नाव ‘साळिंदर’ ठेवलं. कललेल्या वॉल्व्हमुळे उघडताना वॉल्व्ह सिलिंडरच्या भिंतीपासून दूर सरकतो आणि हवेला आडवं येणारं कमी होतं. पुढे १९७० मध्ये हेच इंजिन ४५४ घनइंचांचं, म्हणजे ७.४ लिटरचं झालं, बोअर ४.२५ इंच, स्ट्रोक ४ इंच. त्या वर्षीच्या ‘एलएस-६’ला कंपनीनं ४५० अश्वशक्ती जाहीर केली होती.

या इंजिनाला हेडं दोन जातींची मिळत. एकाचे हवेचे मार्ग, म्हणजे पोर्ट, लांबट गोल; दुसऱ्याचे मोठे चौकोनी. गोल पोर्टाचं घनफळ २५० घनसेंटिमीटरच्या आसपास, चौकोनीचं ३२०च्या आसपास. गोल पोर्टात हवेचा वॉल्व्ह ५२ मिलिमीटरचा, चौकोनीत जवळपास ५६चा. नवशिक्या बांधणारा डोळे झाकून चौकोनी घेतो. अनुभवी माणूस आधी विचारतो: गाडी शर्यतीत ६,००० फेऱ्यांवर धावणार, की बोट ओढत रस्त्यानं जाणार? ६,००० फेऱ्यांवर ७.४ लिटरचं इंजिन मिनिटाला २२ हजार लिटरहून जास्त हवा मागतं, कारण चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदाच सिलिंडर भरतो. तिथे चौकोनी पोर्ट लागतं. पण २,५०० फेऱ्यांवर त्याच पोर्टात हवा सुस्तावते, सिलिंडर नीट भरत नाही आणि इंजिन खालच्या फेऱ्यांत मेल्यासारखं वागतं. ओलिताच्या पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबलं की धार लांब जाते, तसं आहे हे: मार्ग बेताचा असेल तर हवा वेगानं धावते, आणि वेगानं आलेली हवा पिस्टन वर वळल्यावरही स्वतःच्या जोरानं आत शिरत राहते.

आपल्याकडच्या इंजिनांना हे जसंच्या तसं लागू आहे, फक्त आकडे वेगळे. आपले ‘बिग ब्लॉक’ म्हणजे ट्रकची सहा सिलिंडरची इंजिनं. टाटांचं ६९७ घ्या. १९५४ साली मर्सिडीज-बेंझशी झालेल्या सहकार्यातून टाटांच्या ट्रकची जी घराणी सुरू झाली, त्यातलं हे एक. बोअर ९७ मिलिमीटर, स्ट्रोक १२८, एकूण ५.६७ लिटर. किंवा टाटा-कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडर, ज्यासाठी १९९३ मध्ये जमशेदपूरची भागीदारी झाली. बोअर १०२, स्ट्रोक १२०. २,५०० फेऱ्यांवर हे कमिन्स टर्बोचा दाब मोजण्याआधी मिनिटाला सुमारे ७,३५० लिटर हवा घेतं. म्हणजे अमेरिकन शर्यतीच्या इंजिनाच्या एक-तृतीयांश. त्याला घाटात १,५०० ते २,००० फेऱ्यांच्या पट्ट्यात राबायचंय. शिवाय डिझेलच्या हेडमधलं हवेचं पोर्ट मुद्दाम वळवलेलं असतं, जेणेकरून हवा सिलिंडरमध्ये भोवऱ्यासारखी फिरत जाईल आणि पिस्टनच्या डोक्यातल्या खोलगट वाटीत डिझेलच्या फवाऱ्यात मिसळेल. पोर्ट ग्राइंडरनं उकरून ‘मोकळं’ केलं की तो भोवरा मोडतो. हवा थोडी वाढते आणि जळण बिघडतं. घाटाच्या गाडीला पोर्टाला हात न लावलेलं, मूळ मापाचं हेड हवं, हे माझं ठाम मत आहे.

आता टेबलावरच्या हेडकडे या. चांगल्या वर्कशॉपमध्ये ते आधी धुतलं जातं, आणि इथेच खारपाणपट्ट्याचा हिशेब उघडा पडतो. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरकडची गाडी असेल तर पाण्याच्या पोकळीत पांढरट-पिवळट थर सापडतो. ड्रायव्हरनं वाटेत हातपंपाचं, विहिरीचं जे मिळालं ते पाणी टाकलेलं असतं. त्या पाण्यातला क्षार तापल्यावर लोखंडाला चिकटतो. हेडमधली सगळ्यात तापणारी जागा म्हणजे दोन वॉल्व्हच्या सीटांमधला अरुंद पूल. त्याच्या मागे क्षाराचा थर बसला की पाणी धातूपर्यंत पोचत नाही, पूल तापतो, घाट उतरताना थंड होतो, पुन्हा तापतो आणि एक दिवस तडकतो. ती तडक बघायला डोळे पुरत नाहीत. काही जण तिथे रॉकेल लावून पुसतात आणि खडूची पूड फिरवतात; तडकेतलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. त्याहून खात्रीचं म्हणजे पाण्याचे सगळे मार्ग प्लेटनं बंद करून हवेचा दाब देणं आणि हेड पाण्यात बुडवणं. बुडबुडा आला की वादाला जागा राहत नाही. त्याचबरोबर या भागातल्या अनेक गाड्यांतून थर्मोस्टॅट काढून टाकलेला असतो, ‘गरम होऊ नये’ म्हणून. मग अनेक इंजिनांत पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून पळतो आणि थंड सकाळी इंजिन तापायला उशीर करतं, दोन्हीकडून नुकसान. हेड कितीही भारी घ्या, शुद्ध पाणी, कूलंट आणि चालू थर्मोस्टॅट नसेल तर तेही तडकेल.

वॉल्व्ह सीटांमधली तडक सांधून पुन्हा वापरायची का? बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, वेल्डिंग करता येतं. त्यासाठी अख्खं हेड तापवून, वेल्डिंगनंतर सावकाश थंड करावं लागतं. घाईत मारलेला टाका पहिल्या घाटात शेजारी तडकतो. पाण्याच्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीतली तडक पिन ठोकून, शिवून बंद करता येते आणि ती टिकते. सीटांच्या मधली तडक घाटाच्या गाडीत सांधू नये. तिथे जुनं पण शाबूत, कंपनीच्या ओतकामाचं हेड घेणं मला चांगलं वाटतं. महाराष्ट्रात ओतकामाची उणीव नाही. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमध्ये ब्लॉक आणि हेड ओतले जातात. घाटगे पाटीलांसारख्या तिथल्या फाउंड्र्या देशभरच्या इंजिनांसाठी माल देतात. पण बाजारातल्या बिननावाच्या चकचकीत हेडपेक्षा दहा वर्षं तापून-निवून ‘बसलेलं’ मूळ हेड, तपासून घेतलेलं, मी निवडेन. त्याला जे वाकायचं ते वाकून झालेलं असतं.

वाकण्याचा विषय निघालाच आहे. हेडच्या तळावर सरळ पट्टी कर्णरेषेत ठेवायची आणि खालून फिलर गेज सरकवायचं. दहा शतांशाची, म्हणजे ०.१० मिलिमीटरची पत्ती कुठे सहज शिरली तर फेस मारावा लागतो. लेथवाल्याला फेस मारायला एक घाव लागतो, पण पुढचा हिशेब मिस्त्रीचा. तळ कापला की वॉल्व्ह पिस्टनजवळ येतात, इंजेक्टरचं टोक जास्त खाली उतरतं, म्हणून त्याखालचं वॉशर बदलायचं. मग हेड पॅकिंग जाड घ्यायचं. अनेक इंजिनांच्या पॅकिंगवर खाचा किंवा भोकं असतात, त्यांच्या संख्येवरून जाडी कळते; ती न बघता ‘सहा सिलिंडरचं पॅकिंग दे’ म्हणून आणलेलं पॅकिंग किती फरक करतं? ५.९च्या कमिन्समध्ये एका सिलिंडरची जागा ९८० घनसेंटिमीटर. कॉम्प्रेशन १७.५ असेल तर पिस्टन वर असताना उरलेली जागा जेमतेम ५९. पॅकिंग अर्ध्या मिलिमीटरनं जाड झालं की त्यात चारेक घनसेंटिमीटर वाढतात आणि कॉम्प्रेशन १६.४ वर येतं. हिवाळ्यात चिखलदऱ्याला सकाळी गाडी सुरू होत नाही, पांढरा धूर देते, आणि मालक बॅटरीला शिव्या देतो.

सीटचं काम मला सगळ्यात सुंदर वाटतं. हवेच्या वॉल्व्हची सीट कमिन्सच्या या इंजिनात ३० अंशांची, एक्झॉस्टची ४५. मोठा कोन एक्झॉस्टला यासाठी की बसताना तो काजळी चिरत बसतो आणि घट्ट बसतो. वॉल्व्हची उष्णता बाहेर पडायला मुख्य वाट सीटच. साधारण तीन-चतुर्थांश उष्णता सीटमधून हेडमध्ये आणि तिथून पाण्यात जाते, उरलेली गाईडमधून. म्हणून एक्झॉस्टची सीट किंचित रुंद, दोनेक मिलिमीटर, आणि हवेची दीडेक. रुंद केली तर दाब पसरतो आणि झिरपायला लागते, अरुंद केली तर वॉल्व्ह जळतो. कटरनं सीट कापल्यावर वॉल्व्हवर निळा लेप लावून फिरवतात. कडेला एकसलग, बारीक, सारख्या रुंदीची रेघ उमटली पाहिजे. मग वॉल्व्ह बसवून पोर्ट वर येईल असं हेड आडवं करतात, पोर्टात डिझेल ओततात आणि वाट बघतात. पाच मिनिटांनी सीटच्या कडेनं एकही थेंब झिरपला नाही तर वॉल्व्ह बसला. जुनी पद्धत आहे, पण ती फसवत नाही. आणि प्रत्येक वेळी सीट कापली की वॉल्व्ह जरा खोल जातो. या कमिन्समध्ये वॉल्व्हचं डोकं हेडच्या पातळीपासून साधारण एक ते दीड मिलिमीटर आत असायचं; त्याहून खोल गेलं तर नवी सीट घालायची. सीट थंड करून आणि हेड तापवून ती आत दाबतात, म्हणजे दोन्ही पूर्ववत झाल्यावर पकडतात.

आता वॉल्व्ह चालवणारी साखळी: कॅम, टॅपेट, पुशरॉड, रॉकर, स्प्रिंग, लॉक. इथे मालक सर्वांत जास्त वाचवतात आणि इथेच घाट बदला घेतो. सपाटीवरच्या गाडीला यातला फरक जाणवणारही नाही. घाट चढतानाही फारसा नाही. धोका उतरताना आहे, आणि हे परतवाड्यातल्या प्रत्येक मालकाला कळलं पाहिजे म्हणून इथे थांबतो.

चिखलदऱ्याहून भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये उतरते तेव्हा इंजिन चाकं फिरवत नाही, चाकं इंजिनाला फिरवतात. पंपावरचा गव्हर्नर डिझेल बंद करू शकतो, चाकांना अडवू शकत नाही. ड्रायव्हरनं एक गिअर खाली टाकायचा आणि वेग जास्त असेल तर २,५०० फेऱ्यांसाठी बांधलेलं इंजिन ३,५०० वर जाऊ शकतं. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला २९ वेळा उघडतो आणि मिटतो. वॉल्व्ह, रॉकर, पुशरॉड यांना मागे खेचायला लागणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो: वेग १.४ पट झाला की जोर जवळपास दुप्पट. हा जोर देणार फक्त स्प्रिंग. ती मळकी, दमलेली, मूळ उंचीपेक्षा बसलेली असेल तर वॉल्व्ह कॅमच्या मागे धावू शकत नाही, हवेत तरंगतो आणि वर आलेला पिस्टन त्याला ठोकतो. वाकलेला पुशरॉड, निघालेलं लॉक, कधी सिलिंडरमध्ये पडलेला वॉल्व्ह. त्यावर एक्झॉस्ट ब्रेक असेल तर धुराची वाट बंद झाल्यानं मागचा दाब एक्झॉस्टच्या वॉल्व्हला उघडायला ढकलतो, स्प्रिंगला आणखी एक शत्रू. म्हणून एक्झॉस्ट ब्रेक वापरणाऱ्यांसाठी अमेरिकेत कमिन्सच्या याच इंजिनाला वेगळ्या, जास्त ताकदीच्या स्प्रिंगा विकल्या जातात. मेळघाटातल्या गाडीला स्प्रिंगांचा संच नवा आणि योग्य ताकदीचा असलाच पाहिजे. जुन्या स्प्रिंगा एका ओळीत उभ्या करा, वर सरळ पट्टी ठेवा. ज्या खाली राहिल्या त्या भंगारात. त्यातल्या त्यात बऱ्या निवडण्याचा मोह सोडा.

ताकद जास्त म्हणजे चांगली असंही नाही. प्रमाणाबाहेर कडक स्प्रिंग कॅमचा उंचवटा आणि टॅपेटचा तळ खाते. टॅपेट सपाट तळाचे असतील तर नवा कॅम पहिल्या काही मिनिटांतच मरू शकतो, म्हणून नवं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं की ते मंद न ठेवता मध्यम फेऱ्यांवर ठेवतात, जेणेकरून कॅमवर तेल उडत राहील. तेलात जस्त-फॉस्फरसचं मिश्रण पुरेसं हवं. अमेरिकन बिग ब्लॉकमध्ये रॉकरचं गुणोत्तर १.७ असतं, म्हणजे कॅम जितका उचलतो त्याच्या पावणेदोन पटीच्या जवळ वॉल्व्ह उघडतो. ‘जास्त गुणोत्तराचा रॉकर’ लावून वॉल्व्ह जास्त उघडता येतो, पण मग स्प्रिंगची वेटोळी एकमेकांवर बसतात का, लॉकची बशी गाईडला आपटते का आणि वॉल्व्ह पिस्टनला लागतो का, हे सगळं पुन्हा तपासायचं. पिस्टनवर चिकणमातीसारखा गोळा ठेवून इंजिन हातानं दोन फेऱ्या फिरवतात, हेड काढून गोळा मधोमध कापतात आणि सगळ्यात पातळ जागा मोजतात. हवेच्या बाजूला सुमारे दोन मिलिमीटर, एक्झॉस्टला अडीच ही त्यांची जुनी रीत. हेडचा फेस, जाड पॅकिंग, नवी सीट, नवा रॉकर हे सगळं एकाच वेळी बदलणाऱ्या आपल्या मिस्त्रीनंही ही तपासणी केलीच पाहिजे.

पुशरॉडची लांबीही त्यातच येते. सीट कापून वॉल्व्हची दांडी वर आली, तळ कापून हेड खाली आलं, तर रॉकर वेगळ्या कोनात उभा राहतो आणि त्याचं टोक दांडीच्या मधोमध घासण्याऐवजी कडेला घासतं. दांडी कडेनं दाबली की गाईड एका बाजूनं मोठं होतं आणि तेल खाली जायला लागतं, निळा धूर येतो. मालक रिंगा बदलतो. रिंगांचा दोष नसतोच.

मग टॅपेट सेटिंग. कमिन्सच्या बारा वॉल्व्हच्या या इंजिनात हवेच्या वॉल्व्हला ०.२५ आणि एक्झॉस्टला ०.५१ मिलिमीटर ढील, थंड इंजिनावर. एक्झॉस्टला दुप्पट, कारण तो जास्त तापतो आणि लांब होतो. परतवाड्यात मला वारंवार ऐकू येणारी मागणी म्हणजे ‘थे टपटप बंद करून दे पयले.’ आणि ग्राहक खूश व्हावा म्हणून ढील कमी केली जाते. हे फार वाईट. ढील थोडी जास्त असेल तर आवाज येतो, वॉल्व्ह थोडा कमी उघडतो, बाकी फारसं काही नाही. ढील कमी असेल तर घाटात तापलेला एक्झॉस्टचा वॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही, त्याची उष्णता सीटमध्ये जायची वाट बंद होते आणि काही आठवड्यांत त्याच्या कडेला जळकी खाच पडते. टपटप करणारं इंजिन घाट चढून येतं. गप्प केलेलं इंजिन घाटातच राहतं. ओरिजनल राणे कंपनीचा वॉल्व्ह घाला की परदेशी, गप्प केलेल्या टॅपेटपुढे तो टिकणार नाही. एक्झॉस्टचे वॉल्व्ह उष्णता सोसणाऱ्या खास पोलादाचे, कडेवर स्टेलाइट चढवलेले असतात; जळतात तेही.

अचलपूरला वॉल्व्हचं महत्त्व कळायला डिझेलची वाट बघावी लागली नव्हती. किलिक निक्सनच्या कंपनीनं बांधलेल्या अरुंद मार्गावरून यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर जाणारी शकुंतला रेल्वे वाफेच्या ज्या झेडडी इंजिनावर धावली, ते १९२१ साली मँचेस्टरला बनलं होतं. १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत त्यानं काम केलं. मग डिझेल इंजिन आलं. वाफेच्या इंजिनात वाफ सिलिंडरला कधी द्यायची आणि कधी तोडायची हे ड्रायव्हर हातातल्या लिव्हरनं बदलू शके. उठताना वाफ स्ट्रोकभर, वेग आल्यावर अगदी थोडी. म्हणजे कामाप्रमाणे वॉल्व्हची वेळ. सत्तर वर्षं एकाच इंजिनानं हे काम निभावलं, त्यामागे मूर्तिजापूरच्या माणसांनी वेळोवेळी बदललेल्या रिंगा, घासलेले वॉल्व्ह आणि जुळवलेल्या दांड्या आहेत.

शेतातल्या इंजिनांचं गणित आणखी सोपं आणि म्हणून अधिक दुर्लक्षित. १९४६ मध्ये खडकीला सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची छोटी एव्ही-१ इंजिनं, ८० मिलिमीटर बोअर, ११० स्ट्रोक, १,५०० फेऱ्यांवर ५ अश्वशक्ती, गावोगाव विहिरींवर चालली. ती एकाच वेगानं तासन्‌तास फिरतात, तिथे ताकदीची स्प्रिंग किंवा मोठा वॉल्व्ह काहीच देत नाही. गाईडमधली ढील नेमकी आणि सीट घट्ट असली की पुरे. संत्र्याच्या बागेत फवारणी करणारा ट्रॅक्टरही तसाच. याउलट जनरेटर आणि खाणीतल्या मोठ्या यंत्रांवर दिसणारं चौदा लिटरचं कमिन्स एनटी-८५५, ज्या घराण्याचं उत्पादन कोथरूडला सुरू झालं, त्याला दोन सिलिंडरमागे एक अशी तीन हेडं असतात, सिलिंडरला चार-चार वॉल्व्ह. एक तडकलं तर एकच बदला. अशा इंजिनात हेड निवडताना तीनही एकाच उंचीची असली पाहिजेत, नाहीतर मॅनिफोल्ड बसत नाही आणि सांध्यातून हवा फुंकते.

बीएस-६ च्या गाड्या १ एप्रिल २०२० पासून आल्या. त्यांत चार वॉल्व्ह, संगणक आणि धूर परत फिरवणारी योजना. एक्झॉस्टचा थोडा भाग पुन्हा हवेत मिसळला जातो, त्यानं हवेच्या वॉल्व्हवर काजळी जमते. या इंजिनांचं हेड उघडायला परतवाड्यातले मिस्त्री अजून कचरतात आणि ते बरोबर आहे, कारण वॉल्व्हची वेळ चुकली की संगणक गाडीची ताकदच कमी करतो. पण जुन्या गाड्या आणखी कित्येक वर्षं घाट चढणार आहेत. अचलपूरला शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिथल्या मुलांना सीट कापणं, निळ्या लेपाची रेघ वाचणं, पॅकिंगच्या खाचा मोजणं हे प्रत्यक्ष हातानं आलं तर या गॅरेजांना माणसं मिळतील.

आणि बिलाबद्दल. इथे बिलावर ‘हेड काम’ एवढंच लिहिलेलं असतं आणि पुढे रक्कम. त्याऐवजी पाच आकडे लिहून मागा: फेस मारल्यावर हेडची जाडी, प्रत्येक वॉल्व्ह किती खोल बसला, पॅकिंगची जाडी, स्प्रिंगची उंची आणि टॅपेटची ढील. दोन वर्षांनी हे हेड पुन्हा दुसऱ्या कुणाच्या टेबलावर येईल, कदाचित अकोल्यात किंवा बुऱ्हाणपूरला, आणि त्या मिस्त्रीला आणखी एक घाव मारायचा की नाही हे त्या जाडीवरूनच ठरवायचं असेल. तोवर पहिल्या घाटानंतर, इंजिन रात्रभर थंड झाल्यावर, हेडचे बोल्ट कंपनीच्या पुस्तकात पुन्हा आवळायला सांगितले असतील तर मधून बाहेरच्या क्रमानं टॉर्क रेंचनं बघा आणि टॅपेट पुन्हा मोजा.